ओलांडणाऱ्यांचा हिशेब

(सुरत येथील मराठी स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवले. सुरतेची पालिका सात भाषांतून शाळा चालवते आणि त्यांत मराठी आहे, हे महाराष्ट्रातही फार जणांना ठाऊक नसते. गुरुजींचे विद्यार्थी रुळांच्या दोन्ही अंगांना राहत. काही उधन्यात, काही लिंबायतला, काही पार नवागाम-दिंडोलीत. तेव्हा विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. आज मी बोलणार आहे तो आपला रिंग रोड, त्यावरचा उड्डाणपूल, त्याच वाटेने उभी राहत असलेली मेट्रो आणि या सगळ्याच्या पूर्वेने धावणारा लोहमार्ग यांविषयी.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. अशा मार्गाची उभारणी किंवा पुनर्बांधणी करताना आपण त्याच्यावरून लांबवर जाणाऱ्यांची मोजणी करतो. त्याला आडवे ओलांडून पलीकडे जाणाऱ्यांची मोजणी आपण करत नाही. आणि शहर दुभंगते ते नेमके तिथेच.

सुरतेला अशा रेषा नव्या नाहीत. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज इथे आले तेव्हा शहराभोवती धड तटबंदी नव्हती. त्यानंतर विटांचा कोट उभा राहिला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वाढलेल्या पुऱ्यांना कवेत घेणारा दुसरा, बाहेरचा कोट झाला. आतला शहरपनाह, बाहेरचा आलमपनाह. या बाहेरच्या कोटाच्या आसपासनेच आजचा रिंग रोड जातो. कोट गेला, पण नावे उरली: सहारा दरवाजा, मान दरवाजा, उधना दरवाजा, मजुरा दरवाजा. ही नावे आपण बसच्या पाटीवर वाचतो आणि पुढे जातो. मला मात्र त्यांत एक जुने शहाणपण दिसते. कोट बांधणाऱ्याला दरवाजे कुठे ठेवायचे याचा विचार आधी करावा लागे. गावातला माल बाहेर आणि बाहेरचा माणूस आत कुठून येतो हे पाहिल्याशिवाय त्याला वीट लावता येत नसे.

लोहमार्ग आला तो वेगळ्या विचाराने. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे १८६० मध्ये सुरतेला पोचली आणि १८६४ मध्ये मुंबईला जाऊन भिडली. तेव्हा रुळांच्या पूर्वेला शेते होती, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वे झाली. उधन्याहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला जाणारा हा मार्ग. नवापूरच्या फलाटावर एकाच बाकाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. या सभागृहातल्या निम्म्या लोकांची घरची गोष्ट याच मार्गावर सुरू होते. शेतीने हात आखडता घेतला की धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे या गाडीत बसली, उधन्याला उतरली आणि स्टेशनापासून पायी जाता येईल तिथे खोली बघून राहिली. म्हणून लिंबायत, उधना, पांडेसरा, दिंडोली या वस्त्या झाल्या. ज्या रुळांनी आपल्याला इथे आणले, त्याच रुळांच्या पल्याड आपल्यातले कितीतरी जण राहिले.

हे कोणी ठरवून केले असे मी म्हणणार नाही. रुळांपलीकडची जमीन स्वस्त होती आणि कारखाने जवळ होते, एवढे कारण पुरेसे होते. पण शहर वाढत वाढत २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांवर गेले, २०२० मध्ये हद्द वाढून ती ४६१ चौरस किलोमीटरांपर्यंत पोचली. एके काळी शेताच्या कडेने जाणारा लोहमार्ग आता शहराच्या मधोमध आला आहे. या मार्गाला दरवाजे किती आणि ते कसे आहेत, हा प्रश्न म्हणून विचारायचा.

त्याचे उत्तर सुरतेच्या बोलीत एका शब्दात मिळते: गरनाळे. रुळांखालून काढलेली बुटकी वाट. वराछाचे गरनाळे, लिंबायतचे गरनाळे ही ठिकाणे रिक्षावाल्याला पत्ता सांगण्याच्या उपयोगाची आहेत, इतकी ती परिचयाची. आणि पहिल्या मोठ्या पावसात लिंबायतच्या गरनाळ्यात पाणी भरले, वाहतूक बंद, ही बातमीही तितकीच परिचयाची. दरवर्षी ती छापून येते. गुडघाभर पाण्यातून दप्तर डोक्यावर घेऊन जाणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत.

हे पाणी का भरते ते समजून घेऊ, कारण नशिबाला दोष देऊन भागणार नाही. मोटार, टेंपो, ट्रक खालून जायचा म्हणजे साडेचार-पाच मीटर उंची हवी. रूळ तर उचलता येत नाहीत, म्हणून रस्ता खोल न्यावा लागतो. तो खोल गेला की आसपासच्या सगळ्या भागाचे पाणी तिकडे धावते. ते पाणी पुढे खाडीत सोडायचे, तर पावसाळ्यात खाडीच तुडुंब. लिंबायतकरांना मिठी खाडी सांगायला नको. २०२४ च्या जुलैत आणि २०२५ च्या जूनमध्ये खाडीच्या पुराने काय केले ते आपण भोगले आहे. खाडीची पातळी वर आणि गरनाळ्याचा तळ खाली, मग पंप लावूनही पाणी जाणार कुठे?

आता या हिशेबातली दुसरी बाजू पाहा. पायी चालणाऱ्या माणसाला साडेचार मीटर उंची लागत नाही, अडीच मीटर पुरते. वरचा स्लॅब धरून त्याची वाट जमिनीखाली साडेतीन मीटरच्या आसपास नेली तरी चालते. ती वाहनांच्या वाटेपेक्षा बरीच उथळ राहते, तिचे तोंड आसपासच्या रस्त्यापेक्षा थोडे उंच ठेवता येते, तिला स्वतंत्र पाणीसाठ्याची टाकी आणि पंप देता येतो. एकास बाराचा उतार दिला तर चाळीस-बेचाळीस मीटरांत सायकल, बाबागाडी, चाकाची खुर्ची सगळे खाली उतरते. याउलट रुळांवरून जाणाऱ्या पादचारी पुलाला विजेच्या तारांच्याही वरून जावे लागते. म्हणजे सहा मीटरहून अधिक चढ आणि चाळीसहून जास्त पायऱ्या. तेवढ्याच पुन्हा उतरायच्या. सांधे धरलेल्या बाईला, पोटुशीला, डोक्यावर पोटले असलेल्या हमालाला या पायऱ्यांचा अर्थ काय होतो हे आराखडा काढणाऱ्याने एकदा स्वतः चढून पाहावे. लोक रूळ ओलांडतात म्हणून त्यांना बेशिस्त म्हणणे सोपे आहे. थकलेला माणूस सर्वांत कमी चढाची वाट धरतो. ती वाट सुरक्षित करून देणे हे अभियंत्याचे काम आहे.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, वाहनांचे गरनाळे आणि चालणाऱ्यांचे गरनाळे वेगळे करा. आज दोघांना एकाच खड्ड्यात घातल्यामुळे पाऊस पडला की दोघेही अडकतात.

रूळ ओलांडून आपण येतो रिंग रोडवर. इथे थोडा वेळ थांबायला हवे, कारण या रस्त्यावर आपल्या घरांतली चूल अवलंबून आहे. कमेला दरवाज्याजवळ सत्तरच्या दशकात सुरत टेक्सटाइल मार्केट उभे राहिले आणि पुढे त्या रांगेत मार्केटांमागून मार्केटे झाली. तिथे विकली जाणारी साडी दुकानात घडी होऊन बसलेली दिसते. पण तिच्या अंगावरचे स्टोन लिंबायतच्या खोलीत चिकटवलेले असतात, तिची लेस दिंडोलीत लागते, तिचे धागे उधन्याच्या ओट्यावर बसून कापलेले असतात. ग्रे, म्हणजे कोरे, कापड लूमवरून निघून पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगून मार्केटात येते. तिथून कामासाठी घरोघर जाते आणि तयार होऊन पुन्हा मार्केटात येते. म्हणजे एकच साडी रूळ आणि रिंग रोड ही दोन्ही बंधने कितीतरी वेळा ओलांडते. माल टेंपोतून जातो, पण घरकाम करणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी स्वतः गठ्ठा आणायला आणि पोचवायला जातात. ओलांडायला लागलेला वेळ त्यांच्या मजुरीतून जातो, कारण त्यांना नगावर पैसे मिळतात.

या रस्त्यावर पाव शतकापूर्वी उड्डाणपूल बांधला गेला. त्याने लांबच्या वाहनांची सोय झाली, हे मान्य. सुरतेत आज पूल आणि उड्डाणपूल मिळून शंभरावर आहेत आणि पुलांचे शहर म्हणून आपण मिरवतो. प्लेगनंतर आणि २००६ च्या महापुरानंतर या पालिकेने जी कार्यक्षमता दाखवली ती देशाने वाखाणली आहे, मीही वाखाणतो. पण पुलालाही वय असते. २०२२ मध्ये रिंग रोडचा उड्डाणपूल दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला. पुलाचा गाळा ज्या उशीवर टेकतो ते बेअरिंग रबराचे असते, उन्हापावसाने आणि भाराने ते थकते, मग जॅकने अख्खा गाळा किंचित उचलून ते बदलतात. त्या दिवसांत सगळी चर्चा एकाच गोष्टीची झाली: गाड्या कुठून वळवायच्या. पुलाखालून आडवे जाणाऱ्यांसाठी काय सुधारता येईल, खालचे पार्किंग, दुभाजकाचे कठडे, तुटके पदपथ यांचे काय करायचे, हे विचारायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. ती गेली.

आता दुसरी वेळ आली आहे आणि ती जाऊ देऊ नये म्हणून मी इथे उभा आहे. सुरत मेट्रोचा पाया जानेवारी २०२१ मध्ये घातला गेला. दोन मार्ग, मिळून ४०.३५ किलोमीटर, ३८ स्थानके, मंजूर खर्च १२,०२० कोटी रुपये. पहिला मार्ग सरथाणा ते ड्रीम सिटी. कापोद्रा ते चौक बाजार एवढा भाग त्याचा जमिनीखालून. दुसरा भेसाण ते सारोली, १८.७४ किलोमीटर, सगळा खांबांवरून. हा दुसरा मार्ग मजुरा गेटला येतो, तिथून रिंग रोडने उधना दरवाजा, कमेला दरवाजा, मग रूळ ओलांडून आंजणा फार्म, मॉडेल टाउन, मगोब असा सारोलीकडे जातो. नकाशावर बोट फिरवून पाहा, हा मार्ग आपल्याच वस्त्यांच्या उंबऱ्यावरून जातो. रस्ता, उड्डाणपूल आणि मेट्रो असे तिन्ही आता एकाच पट्ट्यात येत आहेत.

खांबावरच्या मेट्रोचे स्थानक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिने आणि सरकते जिने सोडते. तिकिटाच्या फाटकाआधी एक मजला असतो. तो मजला कोणालाही तिकिटाविना, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत मोकळा ठेवला, दोन्ही बाजूंना लिफ्ट चालू ठेवली, तर प्रत्येक स्थानक हे आपोआप ओलांडण्याचा पूल होते. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. नियमावलीत एक ओळ आणि पहारेकऱ्याला एक सूचना लागते. ही ओळ उद्घाटनाआधी लिहून घेतली पाहिजे, कारण नंतर सुरक्षेचे कारण सांगून एक बाजू बंद होते आणि ती बंदच राहते. रूळ आणि रिंग रोड यांच्या दरम्यान ही सोय झाली, तर मेट्रोत कधीही न बसणाऱ्या बाईलाही मेट्रोचा उपयोग होईल. तिच्याही करातून ती उभी राहते आहे.

तरीही मी जिन्यांवर समाधान मानणार नाही. मुंबईत २००८ पासून स्कायवॉक उभे राहिले. स्टेशनाच्या गर्दीला वाट काढून देणारे काही उपयोगी पडले, पण कित्येक ओस पडले, काही पाडावे लागले. माणसाला रस्त्यावरून जायचे असते, कारण भाजीवाला, बस, ओळखीचा माणूस रस्त्यावर असतो. रस्त्याच्या पातळीवर सिग्नल, रुंद पट्टे, दुभाजकात थांबायला जागा आणि म्हाताऱ्या माणसाच्या चालीने मोजलेला हिरवा दिवा: ओलांडण्याची खरी सोय ती. जानेवारी २०१४ मध्ये उधना दरवाजा ते सचिन असा बीआरटीएसचा, म्हणजे जलद बससेवेचा, पहिला पट्टा सुरू झाला, त्याने पांडेसरा-सचिनच्या कामगाराचे भले झाले यात शंका नाही. पण या बससेवेचे थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत. बस पकडायची म्हणजे अर्धा रस्ता ओलांडणे आलेच. बस लवकर येण्याची हमी दिली तशी थांब्यापर्यंत धडपणे पोचण्याची हमी दिली पाहिजे होती.

इथे कोणी अभियंता म्हणेल, आम्ही मोजणी करतोच. त्यांची मोजणी कशी होते तेही सांगतो. वाहतूक मोजताना प्रत्येक वाहनाला मोटारीच्या मापात रूपांतरित करतात. मोटार म्हणजे एक, दुचाकी तिच्या अर्ध्याच्या आसपास, बस-ट्रक त्याहून जास्त. सायकललाही आकडा आहे, हातगाडीला आहे. चालत्या माणसाला त्या कोष्टकात स्थान नाही. ओलांडणाऱ्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे वेगळे सूत्र आहे: गर्दीच्या तासात ओलांडणाऱ्यांची संख्या गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. हा गुणाकार ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर तिथे नियंत्रित ओलांडणी द्यावी. सूत्र वाईट नाही. पण ते मोजते आज ओलांडणाऱ्यांना. रस्ता इतका भयंकर झाला की आजीने पलीकडच्या देवळात जाणे सोडले, मुलीला पलीकडच्या शाळेतून काढून जवळच्या शाळेत घातले, बाईने पलीकडच्या मार्केटाऐवजी कमी मजुरी देणाऱ्या जवळच्या ठेकेदाराचे काम धरले. ही माणसे सूत्रात शून्य ठरतात. रस्त्याने ज्यांचे सर्वांत जास्त नुकसान केले तीच मोजणीतून गळतात. हा दोष दूर करायचा तर चौकात उभे राहून भागत नाही, घरी जाऊन विचारावे लागते: तुम्ही पलीकडे जाणे कधी सोडले आणि का?

जगात या प्रश्नाला लोक वेगवेगळ्या रीतीने भिडले आहेत. अमेरिकेत शिकागोच्या पश्चिम भागात पन्नासच्या दशकात जुन्या वस्त्या कापून एक एक्स्प्रेसवे काढला आणि १९५८ मध्ये त्याच्याच मध्यभागी मेट्रोची गाडी धावू लागली. एकाच खाचेत दोन्ही बसवल्याचे तेव्हा कौतुक झाले. पण स्थानक मोटारींच्या प्रवाहाच्या मधोमध पडले, तिथे पोचायला भरधाव रस्त्यावरच्या उघड्या पुलावरून चालत जावे लागते, आणि दोन्ही काठांच्या वस्त्यांमधले अंतर कायमचे वाढले. आता तो सगळा मार्ग जुना झाला आहे आणि त्याच्या पुनर्बांधणीचा विचार चालू आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९८९ च्या भूकंपाने बंदरालगतचा दुमजली रस्ता खिळखिळा झाला, १९९१ मध्ये तो पाडून जमिनीवर साधा रस्ता केला, पुढे त्यावर ट्राम आली. शहर थांबले नाही.

सोलचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण ते बाजारपेठेचे आहे. तिथे च्योंग्ये नावाचा ओढा झाकून त्यावर रस्ता आणि त्याच्यावर उन्नत मार्ग बांधला होता. दोन्ही बाजूंना कापड, हत्यारे, जुन्या वस्तू यांची दाट बाजारपेठ. उन्नत मार्ग धोकादायक झाला तेव्हा दुरुस्त करावा की पाडावा असा प्रश्न आला. २००३ मध्ये पाडायला घेतला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ५.८ किलोमीटरांचा ओढा लोकांना खुला झाला. त्याच वेळी शहराच्या बससेवेची नव्याने घडी बसवली, म्हणून वाहतूक कोलमडली नाही. ओढ्यावरून वीसहून अधिक पूल आडवे टाकले. दोन्ही काठ पुन्हा बोलू लागले. हे सारे खरे. पण त्याच रस्त्यावर जे फेरीवाले पोट भरत होते त्यांना आधी एका जुन्या क्रीडांगणात हलवले, काही वर्षांत तिथूनही उठवले. दुकानदारांसाठी शहराच्या टोकाला मोठे संकुल बांधले, तिथे गिऱ्हाईकच फिरकले नाही. वस्त्या जोडल्या आणि वस्तीतली माणसे विखुरली.

आपल्या रिंग रोडच्या पुलाखाली, सहारा दरवाज्याच्या भोवती जे हातगाडीवाले, चहावाले, पोटले वाहणारे आहेत त्यांच्याबद्दल म्हणूनच आत्ताच बोलले पाहिजे. २०१४ चा पथविक्रेता कायदा देशात लागू आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे आणि सर्वेक्षण झाल्याशिवाय विक्रेत्याला हटवता येत नाही. कायदा आपल्या बाजूने आहे. त्याचा आधार घ्यायला कोणी पुढे येत नाही, ही उणीव आपली आहे. भाडेकरूंचे तेच. लिंबायतला चांगली वाट झाली, स्थानक झाले की खोलीचे भाडे चढणार. ज्यांच्या नावावर घर आहे त्यांना आनंद होईल. खोली बदलत राहणाऱ्या कुटुंबाला आणखी पूर्वेला सरकावे लागेल. स्थानकाजवळ वाढीव बांधकामाची परवानगी पालिका देणारच आहे. त्या बदल्यात काही खोल्या कामगारांना परवडतील अशा भाड्याने राखून ठेवण्याची अट तिनेच घालावी. परवानगी देतानाच ही अट घातली तर ती टिकते.

महाराष्ट्रातही याच घडीला हे नाट्य चालू आहे. परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टनचा शंभरी ओलांडलेला पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी वाहतुकीला बंद झाला. त्याच ठिकाणच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली होती. पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर थांबले होते, एवढेच निमित्त. नंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पादचारी पूल बांधून दिला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. म्हणजे मनात आले तर पूल काही महिन्यांत होतो. आता जुन्या पुलाच्या जागी दुमजली पूल होतो आहे. वरचा मजला शिवडी-वरळी मार्गाचा, अटल सेतूकडे जाणाऱ्या मोटारींसाठी. खालचा मजला परळहून प्रभादेवीला जाणाऱ्यांसाठी. पूर्वेला केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालये आहेत. पूल बंद झाल्यावर पश्चिमेच्या माणसाला रुग्ण घेऊन वळसा घालावा लागतो. या कामाचे यश मी वरच्या मजल्यावर मोजणार नाही. खालच्या मजल्यावर पदपथ किती रुंद आहे आणि तो किती लवकर खुला होतो, यावर मोजणार.

अंधेरीचा गोखले पूल हा दुसरा धडा. ३ जुलै २०१८ रोजी त्याचा पदपथाचा भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा दिसले की शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची पातळी जुळतच नाही. पुढे बर्फीवाला पूल जॅकने उचलून तो सांधा जुळवावा लागला. रूळ रेल्वेचे, रस्ता पालिकेचा. प्रत्येकाने आपापल्या हद्दीपर्यंत पाहिले. सुरतेत तर मेट्रोची कंपनी वेगळी, रेल्वे वेगळी, एसटीची व्यवस्था वेगळी आणि पालिका वेगळी. सुरत स्थानकाच्या नव्या उभारणीसाठी यांतल्या काहींनी एकत्र येऊन संयुक्त कंपनी केली आहे, हे मला आशादायक वाटते. त्या कामामुळे कितीतरी गाड्या उधन्याला न्याव्या लागल्या आणि उधन्याचे महत्त्व वाढले. अशीच एकत्र बसण्याची व्यवस्था मजुरा गेटपासून उधन्यापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यासाठी हवी. तिच्यात वस्तीचे प्रतिनिधी हवेत.

तापीकडे पाहिले की माझा विश्वास वाढतो. १८७७ मध्ये होप पूल झाला आणि रांदेर सुरतेच्या जवळ आले. पुढे नेहरू पूल, सरदार पूल, विवेकानंद पूल आणि २०१८ मध्ये खुला झालेला केबल ब्रिज. नदीवर आपण एकामागून एक पूल टाकले आणि अडाजण, पाल हे भाग शहराचे उत्तम भाग झाले. नदीसारखी नदी ओलांडून दाखवणाऱ्या शहराला रुळांची रुंदी ओलांडणे अवघड नाही. नदीपलीकडे ज्यांना घरे घ्यायची होती त्यांचा आवाज पोचला. रुळांपलीकडे जे भाड्याने राहतात त्यांचा तेवढा पोचला नाही.

मला विचारतील, मग रिंग रोडचा उड्डाणपूल पाडायचा का? आज नाही. मेट्रो धावू द्या, तिच्याबरोबर बसची सांगड घाला आणि मग पाहा पुलावर किती गाड्या उरतात. पण पुलाचे आयुष्य संपेल तेव्हा तसाच नवा पूल बांधायचा, हे गृहीत धरू नका. त्या दिवशी टेबलावर दोन आकडे असले पाहिजेत: वरून जाणारे किती आणि खालून आडवे जाणारे, किंवा जाऊ इच्छिणारे किती. दुसरा आकडा आज कोणाकडेच नाही.

तो आकडा आपण काढू शकतो. इथे गणेश मंडळे आहेत, भजनी मंडळे आहेत, बचत गट आहेत, मराठी शाळांचे शिक्षक आहेत. दहा दिवस अहोरात्र मांडव सांभाळणाऱ्या तरुणांना एका सोमवारी सकाळी सहा ते दहा गरनाळ्याच्या दोन्ही तोंडांशी वही घेऊन उभे राहणे जड जाणार नाही. किती माणसे गेली, किती बायका, किती मुले, किती जणांच्या डोक्यावर ओझे, किती सायकली, किती जण गरनाळे टाळून रुळांवरून गेले. हेच सहारा दरवाजा, कमेला दरवाजा आणि उधना दरवाजा येथे करायचे. मग प्रत्येक मंडळाने आपल्या गल्लीतल्या पन्नास घरी जाऊन तो दुसरा प्रश्न विचारायचा: पलीकडे जाणे कधी सोडले आणि का? हे कागद लिंबायत आणि उधना झोन कार्यालयांत रीतसर नोंद करून द्यायचे, पोच घ्यायची, एक प्रत मेट्रोच्या कार्यालयात आणि एक रेल्वेकडे. नगरसेवकाला बरोबर न्यायचे. गुजराती, उडिया, हिंदी, उर्दू बोलणारे शेजारीही बरोबर हवेत, कारण गरनाळ्यातले पाणी भाषा विचारून भरत नाही. कागद मात्र गुजरातीत लिहायचा, म्हणजे तो कार्यालयात वाचला जाईल.

मोजणीचा कोरा तक्ता मी करून आणला आहे आणि त्याच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक मंडळाने एक घेऊन जावी आणि पावसाळ्यापूर्वीचा एक सोमवार आजच ठरवावा.